कपकेकचा बुके: कोणत्या सामानावर पैसे घालावेत आणि कोणतं दुकानातच सोडावं

कपकेकवर क्रीमची फुलं काढून ते गुच्छासारखे मांडले की झाला कपकेकचा बुके. तो बिघडतो तेव्हा दोष क्वचितच क्रीमच्या गुलाबाचा असतो. कडेचा एखादा कप कलंडतो, त्याचं क्रीम शेजारच्या कपाला फासलं जातं, खोक्याचं झाकण मधल्या फुलाला टेकतं आणि वाढदिवसाच्या घरी पोचेपर्यंत सगळा बुके एका अंगाला झुकलेला असतो. तरी सामान आणायला गेलेला नवखा माणूस पहिला हात घालतो तो चोवीस नोझलच्या, म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायच्या तोट्यांच्या, डब्याला. पुण्याची बोहरी आळी असो, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर असो की ऑनलाइन दुकान, सगळीकडे मिळणारं सामान साधारण एकसारखंच असतं, वर छापलेलं नाव तेवढं बदलतं. म्हणून इथे कंपन्यांची नावं न घेता वस्तूंचे प्रकार तपासले आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो: पहिला पैसा बैठकीवर, म्हणजे कप ज्यावर उभे राहतात त्या आधारावर, आणि खोक्यावर, त्यानंतर क्रीमवर, आणि नोझल चारच.

बैठक

दुकानात जाण्याआधी एक हिशेब करून ठेवा. नेहमीच्या आकाराचा कपकेकचा कागद तळाशी सुमारे ५० मिलिमीटर आणि तोंडाशी सुमारे ७० मिलिमीटर असतो. वर फूल काढलं की रुंदी ७५ पर्यंत जाते. मधे एक आणि भोवती सहा अशी मांडणी केली की तीन कप एका रेषेत येतात, म्हणजे व्यास २२५ मिलिमीटर. केकखाली ठेवायचा नऊ इंची गोल बोर्ड जेमतेम २२८ मिलिमीटरचा. त्यावर सात कप बसतात खरे, पण बाहेरच्या पाकळ्या बोर्डाच्या कडेवर येतात आणि खोक्याच्या भिंतीला घासतात. त्यामुळे सात कपांना दहा इंची बोर्डच घ्यावा. बारा कपांसाठी मधे तीन आणि भोवती नऊ. यात १२ इंची बोर्ड काठोकाठ भरतो, म्हणून १४ इंची बरा. एकोणीस कपांना, म्हणजे एक, सहा आणि बारा अशा कड्यांना, १६ इंची लागतो. आठ किंवा दहा कप गोलात धड बसत नाहीत. फटी राहतात आणि त्या पानांनी बुजवत बसावं लागतं. गिऱ्हाइकाला शक्यतो सात किंवा बाराच सांगावेत.

आता तयार मिळणाऱ्या बैठका. सगळ्यात जास्त खपतो तो पुठ्ठ्याचा भोकं पाडलेला ट्रे. त्याचा दर्जा भोकाच्या मापावर ठरतो. कप खाली निमुळता असल्यामुळे ६० मिलिमीटरच्या भोकात तो बरोबर अर्ध्यावर अडकतो आणि घट्ट उभा राहतो. भोक ६५ च्या पुढे गेलं की कप खाली सरकतो, क्रीमची कड पुठ्ठ्याला लागते आणि कप काढताना अर्धं फूल ट्रेवर राहतं. ५५ च्या आतलं भोक असेल तर कप वर तरंगल्यासारखा बसतो आणि धक्का लागताच डुलतो. दुकानात जाताना एक कागदी कप खिशात ठेवा आणि प्रत्येक ट्रेच्या भोकात घालून पाहा. एवढी एक तपासणी केली तरी निम्मी फसगत टळते. दुसरी गोष्ट ट्रेच्या जाडीची. सजवलेला कपकेक ७५ ते ८० ग्रॅमचा, म्हणजे सात कपांचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या घरात जातं. तीन पदरी पातळ पुठ्ठा एवढ्या वजनाला मधे झोळतो, आणि फ्रीजमधून काढलेल्या कपांचा ओलावा लागला की आणखीच. पाच पदरी पुठ्ठा हवा, किंवा मधल्या भोकाच्या खाली पुठ्ठ्याचा आधार चिकटवायला हवा. माप बरोबर आणि पुठ्ठा जाड असेल तर नवख्या हाताला हाच प्रकार चांगला.

पेल्यांची बैठक याहून स्वस्त पडते. सात पेले एकमेकांना चिकटवून त्यांच्या तोंडात कपकेक ठेवायचे आणि फटींत हिरवा टिश्यू पेपर खोचायचा. परदेशी व्हिडिओंत यासाठी प्लास्टिकचे पेले आणि स्टेपलर वापरतात. या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि महाराष्ट्रात तर २०१८ च्या अधिसूचनेपासूनच त्यांवर बंदी आहे. स्टेपलरची पिन खाण्याच्या वस्तूजवळ मुळीच नको. सुटलेली पिन टिश्यूच्या घडीत दिसतही नाही. चहाचे कागदी पेले घ्यावेत, तेही ज्यांचं तोंड कपकेकच्या तोंडापेक्षा किंचित लहान आहे असे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून सहा पेले मधल्या पेल्याभोवती लावले की बैठक तयार होते. पेल्याच्या काठाची वळी कपाला छान धरते. मात्र कागदी पेले हलके असतात, त्यामुळे बैठक बोर्डाला चिकटवलीच पाहिजे. नाहीतर एका बाजूचे दोन कप उचलताच उरलेला बुके उलटतो.

थर्मोकोलचा गोळा आणि टूथपिक हा प्रकार अजूनही काही दुकानांत सुचवला जातो. फोटोत तो देखणा दिसतो, पण घेऊ नका. सजावटीचं थर्मोकोल राज्याच्या बंदीतही येतं आणि केंद्राच्याही. कायदा बाजूला ठेवला तरी ८० ग्रॅमचा कप गोळ्याच्या बाजूला दोन टूथपिकांवर लटकत असतो, केक मऊ असतो आणि टूथपिक केकला हळूहळू चिरत खाली येते. थर्मोकोलचे दाणे क्रीमला चिकटतात. लहान मुलांच्या पार्टीत तर केकच्या पोटात टूथपिक असणं हाच मोठा धोका. फुलवाल्याकडचा हिरवा ओला स्पंजही वापरू नये. तो खाद्यपदार्थाला लागण्यासाठी बनवलेला नसतो आणि त्याची भुकटी पडते.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत पटलेली बैठक बेकिंगच्या दुकानात नसून बुरुडाकडे मिळते: बांबूची उथळ दुरडी. तळाशी चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद घट्ट दाबून भरायचे, त्यावर फॉइलमधे गुंडाळलेली पुठ्ठ्याची चकती बसवायची आणि चकतीवर कप मांडायचे. दुरडीची कड वर आलेली असल्यामुळे बाहेरचे सहा कप आपोआप आत रेलतात, एकही बाहेर पडत नाही. दुरडीचं तोंड साडेनऊ ते दहा इंच असावं आणि चकती कडेच्या खाली साधारण एक इंच. चकती फार खोल गेली तर पाकळ्या बांबूला लागतात. बांबूची कूस निघू नये म्हणून आतून कडेला क्रेप कागदाची झालर लावावी. पार्टी झाल्यावर दुरडी घरात वापरली जाते, हा वरचा फायदा.

बैठक कोणतीही असो, मधला कप इंचभर उंच ठेवला की बुकेला घुमटाचा आकार येतो. पाच पदरी पुठ्ठ्याच्या पाच लहान चकत्या एकावर एक चिकटवल्या की ती उंची मिळते. कप बोर्डाला धरून ठेवायला क्रीमचा ठिपका पुरत नाही. थंड असेपर्यंत तो धरतो, मऊ पडला की त्यावरूनच कप घसरतो. वितळवलेल्या कंपाउंड चॉकलेटचा (वनस्पती तेल घातलेल्या, बेकिंगच्या चॉकलेटचा) चणाएवढा ठिपका तळाशी लावून कप ठेवावा. दोन-तीन मिनिटांत तो पक्का होतो आणि खाताना हाताने सहज सुटतो.

मजल्यांच्या स्टँडबद्दल थोडक्यात. पुठ्ठ्याचा तीन मजली स्टँड एका पार्टीपुरता. चोवीस कपांचं वजन दोन किलोच्या जवळ जातं आणि गार कपांखाली त्याच्या कडा तासाभरात नरम होतात. ॲक्रिलिकचा घ्यायचा तर पत्रा ४ मिलिमीटरचा हवा आणि मधला दांडा आट्यांचा. नुसत्या खाचेत बसणारे खांब डुगडुगतात. तारेच्या कड्यांचा स्टँड सर्वांत टिकाऊ, पण त्यात पातळ कागदाचे कप तिरके होतात. कोणत्याही स्टँडवर खालचा मजला आधी भरावा, समोरासमोरचे कप जोडीने ठेवत. रिकामा करताना वरचा मजला आधी.

कागद आणि केक

पातळ रंगीत कागद बेक होताना तेल पितो आणि त्यावरची नक्षी जवळजवळ नाहीशी होते. बुकेत कपांची बाहेरची बाजू दिसते, त्यामुळे ग्रीसप्रूफ कागद किंवा वळलेल्या काठाचे जाड कप घ्यावेत. जाड कपांना बेक करताना खळग्यांचा ट्रे लागत नाही, भिंत सरळ राहते आणि बैठकीत ते पक्के बसतात. बुकेसाठी हेच योग्य. एक मात्र पाहावं: काही जाड कप तळाशी ५० च्या ऐवजी ६० मिलिमीटरचे असतात. मग वरचं बोर्डाचं गणित बदलतं.

कागद केकपासून सुटून फाकतो, ही नेहमीची तक्रार. कारणं तीन: केक आत किंचित कच्चा राहिला, गरम असताना डब्यात बंद केला, किंवा ट्रेमधेच वाफ धरत ठेवला. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत कप ट्रेमधून जाळीवर घ्यावेत.

फुलासाठी केकचा माथा सपाट हवा. टोकदार फुगलेल्या माथ्यावर गुलाब बसत नाही, घसरतो. ओव्हन फार गरम असला की कडा लवकर पक्क्या होतात आणि मधलं मिश्रण वर उसळतं. म्हणून १६० ते १६५ अंशांवर २० ते २२ मिनिटं, आणि कप दोन तृतीयांशाहून कमीच भरलेला. ओटीजीत ट्रे मधल्या फळीवर ठेवावा. वरच्या कॉइलच्या जवळ गेला तर माथा तडकतो. अंड्याविना बारा ते चौदा कपांचं माप असं: मैदा १८० ग्रॅम, दही २५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, तेल १२० मिलिलिटर, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. एका कपात ४५ ते ४८ ग्रॅम मिश्रण, तेही काट्यावर तोलून. डोळ्यांनी भरलेले कप उंचीला कमीजास्त येतात आणि बुकेचा माथा वाकडा दिसतो. केक पूर्ण थंड झाल्याशिवाय क्रीम लावू नये, हाताला कोमट लागला तरी थांबावं.

क्रीम: खरी परीक्षा इथे

आपल्याकडे घरगुती बेकरांचं रोजचं क्रीम म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं, आधीच गोड असलेलं नॉन-डेअरी व्हिप. लिटर-किलोच्या खोक्यात गोठलेलं येतं आणि उणे १८ अंशांना साठवायचं असतं. दुकानदार ते कुठे ठेवतो, हे घेण्याआधी पाहा. फ्रीझर बंद-चालू होत राहिलेल्या दुकानातलं क्रीम एकदा वितळून पुन्हा गोठलेलं असतं. ते फेटताना फुगत नाही, पाणी सोडतं आणि कितीही फेटलं तरी दाणेदार राहतं. खोकं एका बाजूला फुगलेलं किंवा चेपून पुन्हा गोठलेलं दिसलं तर परत करावं.

आदल्या दिवशी खोकं फ्रीझरमधून फ्रीजमधे घ्यावं. फेटताना क्रीम ४ ते ७ अंशांवर हवं, बर्फाचे अगदी बारीक कण असले तरी चालतील. भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमधे ठेवावीत. आधी कमी गती, मग मध्यम. एकदम जोरात फेटलं की मोठे बुडबुडे धरतात आणि पाकळीवर भोकं दिसतात. क्रीम तीन ते चार पट फुगतं. फुलांसाठी कुठे थांबायचं, हेच कसब आहे. पातं उचलल्यावर टोक उभं राहिलं पाहिजे आणि त्याची शेंडी किंचित वाकली पाहिजे. ताठ उभ्या टोकापर्यंत नेऊ नये, कारण पिशवीत भरून नोझलमधून दाबताना क्रीम आणखी घट्ट होतं. भांड्यात जे बरोबर वाटतं ते नोझलमधून बाहेर येताना कातरलेल्या कडेचं निघतं. पाकळीची कड करवतीसारखी आली तर क्रीम जास्त फेटलं गेलं, असं समजावं. दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून स्पॅट्युलाने हलकेच मिसळलं की बरंचसं सुधारतं. बीटर पुन्हा लावू नये.

प्रमाणाचा अंदाज दुकानदार फार वाढवून सांगतात. एका गुलाबाला २५ ते ३० ग्रॅम क्रीम लागतं. फेटल्यावर आकार वाढतो, वजन तेवढंच राहतं. सात कपांना २१० ग्रॅम, पानं आणि पिशवीत उरणारं धरून २५० ते २७५. बारा कपांना सव्वाचारशे. एका किलोत सात कपांचे तीन बुके आरामात होतात. उरलेलं न फेटलेलं क्रीम पुन्हा गोठवू नये. फ्रीजमधे ठेवून खोक्यावर दिलेल्या मुदतीत संपवावं.

या क्रीमची उणीव चवीत आहे. सौम्य, थोडं मेणचट, जिभेवर दुधाचा गोडवा नाही. उष्णतेत मात्र ते लोण्यापेक्षा बरं टिकतं. एसीच्या खोलीत दोन-तीन तास गुलाब शाबूत राहतो. ३२-३४ अंशांच्या हॉलमधे अर्ध्या-पाऊण तासात पाकळ्यांच्या कडा गोल होऊ लागतात. मांडणी केक कापण्याच्या वेळेच्या जितकी जवळ, तितकं चांगलं.

चवीसाठी बटरक्रीमला तोड नाही. २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, एक-दोन चमचे दूध, एवढ्यात बारा-पंधरा कप होतात. लोणी आधी एकटंच सात-आठ मिनिटं फेटावं, त्याने ते फिकट आणि हलकं होतं. घरी दळलेली साखर कितीही बारीक वाटली तरी तिचे कण लहान नोझल तुंबवतात. विकतची घ्या आणि दोनदा चाळा. मीठ घातलेलं पिवळं टेबल बटर यासाठी नको. खारटपणा उतरतो, शिवाय पिवळ्यावर निळा रंग घातला की हिरवट छटा येते. बिनमिठाच्या लोण्यातही थोडा पिवळेपणा असतोच. टूथपिकच्या टोकावर येईल एवढा जांभळा रंग घातला की तो मरतो.

लोणी २८ अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि ३२ ते ३५ च्या दरम्यान वितळतं. म्हणजे मे महिन्यात नागपूर-अकोल्याला एसीशिवाय बटरक्रीमचा गुलाब काढणं व्यर्थ आहे, आणि मुंबईच्या जून-जुलैत साखर हवेतलं पाणी ओढते, फुलावर कोरडी पापडी धरत नाही. अर्धं लोणी काढून तेवढं पांढरं शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) घातलं तर फूल टिकतं, पण टाळूला तेलकट थर बसतो. लग्नाच्या हॉलसाठी ही तडजोड समजण्यासारखी आहे, घरच्या पार्टीसाठी करू नये. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मात्र निर्धास्तपणे बटरक्रीमच घ्यावं.

एक चूक वारंवार होते: किराणा दुकानातलं २५ टक्के फॅटचं ताजं क्रीम फेटायला घेणं. ते भाजीच्या ग्रेव्हीसाठी आहे. फेटून उभं राहायला क्रीममधे किमान ३० टक्के फॅट लागतं. साखर, जिलेटिन, बर्फ, काहीही केलं तरी २५ टक्क्यांतून गुलाब निघत नाही.

नोझल

चोवीस किंवा अठ्ठेचाळीसच्या डब्यातली बहुतेक नोझल इतकी लहान असतात की कपकेकवर त्यांचं काम नाही. सुटी चार घ्या. १एम, उघड्या चांदणीचं: मधून बाहेर फिरवलं की गुलाब, बाहेरून आत वर चढवत नेलं की आइस्क्रीमसारखा भोवरा. २डी, आत वळलेल्या दातांचं: पाकळ्या झालरदार येतात, आणि ठिपके ठिपके दाबत गेलं की हायड्रेंजिया, म्हणजे लहान फुलांचा गोल झुबका. १०४ किंवा त्याहून मोठं १२४, पाकळीचं: रुंद टोक खाली, निमुळतं टोक वर आणि किंचित बाहेर झुकलेलं. उलट धरलं तर पाकळी जाडजूड आणि आडवी पडते. ३५२, पानाचं.

घेताना शिवण पाहा. पत्रा वळवून जोडलेल्या स्वस्त नोझलच्या आत जोडाची रेघ असते आणि ती प्रत्येक पाकळीवर उमटते. बोट फिरवून, उजेडात आतून बघून घ्यावं. दात दुमडलेले असतील तर एक पाकळी कायम तुटकी येणार. हल्ली बिनजोडाची स्टेनलेस स्टीलची नोझल सहज मिळतात, तीच घ्यावीत. धुऊन लगेच कोरडी करावीत, स्वस्त स्टीलला जोडावर गंज धरतो. नेहमीच्या लहान कपलरवर, म्हणजे पिशवीला नोझल जोडायच्या तुकड्यावर, १एम आणि २डी बसत नाहीत. त्यांना थेट पिशवीत घालायचं किंवा मोठा कपलर वेगळा घ्यायचा.

रशियन नोझलबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण त्यांची जाहिरात जोरात असते. एका दाबात अख्खं ट्यूलिप किंवा गुलाब, हे खरं आहे, पण फार घट्ट बटरक्रीममधेच. नोझल केकला टेकवून दाबायचं, क्रीम पृष्ठभागाला चिकटू द्यायचं आणि दाब सोडत सरळ वर उचलायचं. नॉन-डेअरी व्हिप त्या बारीक फटींतून जाताना अडकतं, पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि शेंडीला शेपटी राहते. सपाट माथ्यावर आधी पातळ थर द्यावा लागतो, नाहीतर फूल नोझलबरोबर वर येतं. ज्यांचं काम मुख्यतः व्हिपवर चालतं त्यांनी यावर पैसे घालू नयेत.

पिशव्या जाड घ्या. पातळ डिस्पोजेबल पिशवी शिवणीतून फाटते, आणि फाटते तीही सातव्या कपावर. १६ इंची पिशवी एक तृतीयांशच भरावी. जास्त भरली की हाताच्या उबेने वरचं क्रीम पातळ होतं आणि शेवटची फुलं पहिल्या फुलांपेक्षा चपटी येतात. सगळं क्रीम एका पिशवीत भरण्यापेक्षा दोन पिशव्या भराव्यात आणि एक फ्रीजमधे ठेवावी.

रंग, मोती, फुलं

पाण्यासारखा पातळ रंग क्रीम सैल करतो, जेलचाच रंग घ्यावा. गडद छटा दोन-तीन तासांत आपोआप खुलते, म्हणून हवा त्यापेक्षा एक पायरी फिकट थांबावं. व्हिपमधे लाल भडक रंग करण्याच्या नादात इतकं जेल जातं की चव कडवट होते आणि खाणाऱ्याच्या जिभा-ओठ रंगतात. गुलाबी करून भागवावं. खरोखर लाल हवाच असेल तर लाल चॉकलेटचा तुकडा किंवा टॉपर (वर ठेवायची शोभेची वस्तू) ठेवावा. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी म्हणजे खाण्याची चमकी नव्हे. खाण्यायोग्य असं स्पष्ट छापलेलं असेल आणि घटकांची यादी असेल तीच वापरावी. चांदीचे कडक मोती लहान मुलांच्या कपांवर नकोत.

फाँडंटचे, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याचे, टॉपर व्हिपवर ठेवले की खालून ओलावा ओढतात, चिकट होतात, रंग सोडतात. ते पोचल्यावर, शेवटच्या तासात लावावेत. पावसाळ्यात वेफर पेपरची (खाता येणाऱ्या पातळ कागदाची) फुलं कडेने गुंडाळली जातात, त्या दिवसांत ती सोडूनच द्यावीत. खरी फुलं खोचायची हौस असेल तर फुलवाल्याकडचे गुलाब नकोत, त्यांवर फवारणी झालेली असते. कण्हेर तर विषारी, तिला केकच्या जवळही आणू नये. बारीक पांढऱ्या फुलांची जिप्सोफिला सगळीकडे केकवर दिसते, पण ती खाण्याची नाही.

मांडणी आणि खोकं

फुलं बोर्डाबाहेर, कप हातात धरून काढावीत आणि अर्धा तास फ्रीजमधे गार करावीत. मग मधला कप आधी ठेवावा, त्यानंतर भोवतीचे एकाआड एक, आणि शेवटचा बाहेरून आत सरकवत. कप नेहमी कागदाला धरायचा. त्यासाठी बोटांना जागा लागते, म्हणूनच हा क्रम. पानं सर्वांत शेवटी, सगळे कप बसल्यावर. मधला कप आणि त्याचे दोन शेजारी यांच्यामधे सहा तिकोनी फटी पडतात, बाहेरच्या कडेला आणखी सहा खाचा. ३५२ ने प्रत्येक फटीत दोन-तीन पानं टाकली की कागद दिसेनासा होतो आणि सात वेगवेगळे कप एका गुच्छासारखे दिसू लागतात. पानांचं क्रीम फुलांपेक्षा थोडं सैल असावं, नाहीतर टोक दुभंगतं.

खोक्याची उंची आधी मोजा. बोर्ड ५ मिलिमीटर, कप ३५, फूल ३५, मधल्या कपाचा उंचवटा २५: झाले १०० मिलिमीटर. वर दोन सेंटिमीटर मोकळे हवेत. म्हणजे पाच इंच उंचीचं दहा इंची केकचं खोकं. बाजारातली बारा भोकांची कपकेकची खोकी बऱ्याचदा साडेतीन इंचांची असतात. त्यांत सपाट फिरवलेला गुलाब जातो, उंच भोवरा जात नाही. बोर्ड खोक्यात सरकू नये म्हणून खाली टेप किंवा न घसरणारी जाळी लावावी. वरच्या पारदर्शक खिडकीला आतून बाष्प धरतं आणि थेंब फुलांवर पडतात. गार बुके भरल्यावर पाच-दहा मिनिटं झाकण किंचित उघडं ठेवून मग बंद करावं.

दुचाकीवर बुके नेऊ नये, पायांपाशी ठेवूनही नाही. गतिरोधकाच्या प्रत्येक धक्क्याला मधला कप उसळतो. गाडीत सीटवर ठेवलं तर खोकं मागे झुकतं, मागच्या सीटसमोरची, पाय ठेवायची सपाट जागा योग्य. एसी चालू, ऊन पडेल अशा खिडकीपासून दूर. घरी पोचल्यावर व्हिपचा बुके वेळ होईपर्यंत फ्रीजमधे ठेवायचा. बटरक्रीमचा मात्र खाण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढायचा, नाहीतर लोणी घट्टच राहतं आणि चव लागत नाही. कप काढताना बाहेरचे समोरासमोरचे दोन आधी काढायला गिऱ्हाइकाला सांगून ठेवा, म्हणजे शेवटच्या कपापर्यंत बैठक सरळ राहते.